निळी म्हातारी

"तुमच्या आई सध्या कुठे असतात?" पडताळणी अधिकारी खैरमोडे यांनी विचारलं.

"या काय," ज्योत्स्ना म्हणाली.

समोरच्या खुर्चीत अनसाबाई घेवडा निवडत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, खैरमोड्यांकडे पाहिलं, आणि दोरा काढून शेंग ताटलीत टाकली. खैरमोडे मात्र त्यांच्याकडे पाहायला तयार नव्हते. त्यांची नजर हातातल्या पडद्यावर होती.

"मॅडम, मी तुमच्या आईंबद्दल विचारतोय. अनसूया शिवाजी काळेल. मुक्काम कुरणवाडी, तालुका माण."

"मग मी कोन हाय?" अनसाबाईंनी विचारलं.

"तेच शोधायला आलोय, मावशी," खैरमोडे प्रामाणिकपणे म्हणाले.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. पण दोन हजार एकेचाळीस सालच्या पुण्यात आई ओळखायलाही यंत्र लागत होतं, आणि यंत्राचं म्हणणं असं होतं की ही आई नव्हेच. यंत्राचं नाव 'कालखूण'. बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबावरून ते माणसाचं वय सांगायचं. अनसाबाईंचं कार्डावरचं वय एकोणसत्तर, रक्ताचं वय मात्र सेहेचाळीस निघालं होतं. सेहेचाळीस हे ज्योत्स्नाचं वय. इतकंच नव्हे, तर ते रक्तही ज्योत्स्नाचंच होतं. तेव्हा यंत्रानं सरळ हिशेब मांडला: डॉ. ज्योत्स्ना काळेल यांनी स्वतःचं रक्त देऊन आईच्या नावाची दुसरी ओळख चालू ठेवली आहे. मग खरी आई कुठे आहे? वारली असेल, तर कळवलं का नाही?

ज्योत्स्नाला हसावं की खैरमोड्यांना जिन्यावरून खाली ढकलावं ते कळेना. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं शांतपणे सांगितलं की आईला तीन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर झाला होता. आईची स्वतःची बोनमॅरो औषधांनी पार जाळून टाकली आणि तिच्या जागी आपली घातली. रक्त बोनमॅरोत तयार होतं. तेव्हापासून आईच्या अंगात वाहतं ते रक्त लेकीचं आहे. त्याचं वयही लेकीचंच असणार.

"तसं असेल तर प्रश्नच मिटला," खैरमोडे म्हणाले. "हॉस्पिटलचा दाखला जोडा."

"हा घ्या."

"कागद नाही चालत, मॅडम. कागद खोटे निघाले म्हणून तर यंत्र आलं. हॉस्पिटलच्या फायलीतून थेट यायला हवा."

"मग फाईल उघडा."

"ती आईंच्या ओळखीनं उघडते." खैरमोडे थोडे ओशाळले. "आणि ओळख काल दुपारपासून गोठवलीय."

म्हणजे ओळख सुटायला दाखला हवा आणि दाखला सुटायला ओळख. असला चक्रव्यूह एकट्या माणसाच्या डोक्यातून निघत नाही; त्याला समिती लागते. आणि या गोठण्याची झळ कागदापुरती नव्हती. लेकीची बोनमॅरो आईच्या शरीराशी भांडायला उठू नये म्हणून अनसाबाईंना रोज गोळ्या घ्याव्या लागत. त्या सरकारी हॉस्पिटलातून त्यांच्या ओळखीवर मिळत, बाहेर मिळतच नसत. घरात जेमतेम महिन्याच्या गोळ्या होत्या. सुनावणी साताऱ्याला, तीन आठवड्यांनी.

खैरमोडे उठले. दारात थांबून ते हळूच म्हणाले, "मला दिसतंय हो मॅडम. पण मला दिसून काय उपयोग?"

"भाड्या, च्या तरी पिऊन जा," अनसाबाई म्हणाल्या. पण ते थांबले नाहीत.

*

ज्योत्स्नाला सगळ्यात जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. कालखूण तिच्या ओळखीची होती. त्या यंत्राचं बालपण ज्योत्स्नाच्या प्रयोगशाळेत गेलं होतं.

ज्योत्स्ना तारकागुच्छांचं वय काढायची. आकाशात एकट्या ताऱ्याकडे पाहून त्याचं वय सांगणं महाकठीण असतं. तारा आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ एकसारखाच दिसतो. पन्नास कोटी वर्षांचा असो की तीनशे कोटींचा, चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही. पण काही तारे एकाच ढगातून, एकाच वेळी, शेकड्यांनी जन्मतात आणि पुढे कोट्यवधी वर्षं सोबत राहतात. या गुच्छातल्या प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि तेज कागदावर मांडलं, की त्यांची एक तिरकी रांग दिसते. वजनदार तारे इंधन भसाभस जाळतात, त्यांचं आधी संपतं, आणि ते रांग सोडून वळतात. मग त्यांच्याहून हलके, मग त्यांच्याहून हलके. रांग आज कुठे वळलीय ते पाहायचं, की गुच्छाचं वय कळतं. कर्क राशीतल्या, मेसिएच्या यादीत सदुसष्टाव्या असलेल्या गुच्छाचं असंच काढलेलं वय आहे चारशे कोटी वर्षं, म्हणजे जवळजवळ आपल्या सूर्याइतकं.

यात खोच अशी की वय, अंतर आणि घडण या तीन गोष्टी एकमेकींच्या पदराला गाठ मारून बसलेल्या असतात. गुच्छ मंद दिसतो तो म्हातारा म्हणून, की लांब आहे म्हणून? तांबूस दिसतो तो वयानं, त्यात लोहासारखी जड मूलद्रव्यं जास्त आहेत म्हणून, की मध्ये धूळ आहे म्हणून? एक चुकलं की तिन्ही चुकतात. म्हणून ज्याला वय हवं त्यानं आधी घडण नीट तपासावी, हे ज्योत्स्ना विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगायची.

आणि प्रत्येक जुन्या गुच्छात काही तारे असतात आगाऊ. बाकीचे म्हातारे होऊन वळून गेले, तरी हे आपले रांगेच्या वरच्या टोकाला निळेशार, तरुण, झगमगीत. ते खरे तरुण नसतात. त्यांच्या शेजारी फिरणाऱ्या जोडीदार ताऱ्यानं आपलं द्रव्य त्यांच्यावर ओतलेलं असतं. उसन्या द्रव्यावर त्यांची दुसरी तारुण्याची खेळी चाललेली असते. प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'निळ्या म्हाताऱ्या' म्हणत. त्यातल्या काहींच्या प्रकाशात बेरियम जास्त सापडतं; जोडीदाराकडून आलेल्या द्रव्याची ती खूण.

सोळा वर्षांपूर्वी या निळ्या म्हाताऱ्यांवरून ज्योत्स्नाचं एका माणसाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तो माणूस उन्मेष कारखानीस. दोघं एकाच सरांचे विद्यार्थी, एकाच गुच्छावर काम करणारे. गुच्छाच्या दिशेनं पाहिलं की त्यात मधले-मागचे परके तारेही दिसतात. ते वगळावे लागतात. या कामाला ते सफाई म्हणत. उन्मेषची सफाई फार सुंदर असायची. त्याचा आलेख पाहून पाहुणे शास्त्रज्ञ वाहवा करत, कारण त्यात रांगेबाहेर एकही ठिपका नसे. निळ्या म्हाताऱ्याही नसत. "त्या रांगेत बसत नाहीत, म्हणजे त्या आपल्या नव्हेत," असं तो म्हणायचा. ज्योत्स्ना म्हणायची, "त्याच तर आपल्या आहेत. सगळ्या गुच्छाची गोष्ट त्यांच्या अंगावर लिहिलीय." सरांनी उन्मेषचा आलेख छापला. तो सुबक होता ना!

पुढे उन्मेषनं आकाश सोडलं आणि कंपनी काढली. रक्तावरून एकट्या माणसाचं वय काढायला गेलं तर पाच-सात वर्षांची चूक सहज होते. उन्मेषनं शक्कल लढवली: एकेका माणसाचं वय काढूच नका, अख्ख्या गावाचं एकदम काढा. एका पाण्यावर, एका धान्यावर वाढलेली माणसं म्हणजे एक गुच्छ. त्यांची रांग मांडा, रांगेवरून वय वाचा. जुन्या लोकांच्या जन्मतारखांचा तसाही आनंदच होता. शाळेत घालताना हेडमास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला एक जून रोजी जन्माला घातलं होतं. सरकारला शक्कल आवडली. रांगेबाहेर पडलेल्यांचं काय करायचं हेही यंत्राला जुनंच शिकवलेलं होतं. सफाई.

*

बाणेरच्या टेकडीखाली उन्मेषची काचेची इमारत होती. तो ज्योत्स्नाला भेटायला खालपर्यंत आला, कॉफी मागवली, आईंची तब्येत विचारली.

"तूच तब्येत विचारतोस?" ज्योत्स्ना म्हणाली. "तुझ्या यंत्राच्या मते ती नाहीच आहे."

उन्मेषनं सगळं ऐकून घेतलं. त्याला धक्का बसला नाही. तिला तेच जास्त लागलं.

"बोनमॅरोवाले येतात मधूनमधून," तो म्हणाला. "लाखात एखादा."

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"रांगेबाहेरचे. किती जणांना बाहेर काढलंस आतापर्यंत?"

त्यानं कॉफी ढवळली. "राज्यात साठेक हजार असतील. त्यात खरोखरचे लबाड भरपूर आहेत, ज्योत्स्ना. मेलेल्या बापाच्या नावावर वर्षानुवर्षं जगणारे लोक आहेत."

"आणि वीटभट्टीवर आयुष्य गेलेल्यांचं रक्त दहा वर्षं म्हातारं दिसतं, ते? उपासमार झालेल्यांचं? मध्ये धूळ असली की तारा तांबडा दिसतो, हे तुला मी सांगायचं? गावात नव्यानं आलेल्या सुनांचं काय? त्या दुसऱ्या पाण्यावर वाढल्यात. तू घडण तपासतोस का कुणाची?"

"घडण तपासायला वेळ आणि पैसा लागतो. चार टक्के चुकीला करारात परवानगी आहे."

"परवानगी कुणी दिली? त्या चार टक्क्यांनी?"

उन्मेषनं कप बाजूला सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, आईंचं काम मी करून देतो. विशेष बाब म्हणून माझ्या सहीनं आजच ओळख सुटेल. तू फक्त सुनावणीत पद्धतीबद्दल काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात करार नवा होतोय."

ज्योत्स्नाच्या तोंडात 'हो' आलं होतं. खोटं कशाला बोला, अगदी जिभेवर आलं होतं. घरी गोळ्यांची बाटली अर्धी झाली होती. तिनं उद्या सांगते म्हटलं आणि बाहेर पडली.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. अनसाबाई खालच्या जबड्यातली एक हलणारी दाढ जिभेनं पुढेमागे करत ऐकत होत्या. तोंडात उरलेली ती एकच दाढ, लहानपणी पहिली आलेली. डॉक्टरांनी कितीदा काढू म्हटलं, पण "मग सुपारी कशानं फोडू?" म्हणून त्यांनी ती जपली होती.

"म्हंजी त्यो सही करनार, आनि मी हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यानं सही न्हाय केली तर मी न्हाय."

"आई, गोळ्या संपत आल्यात."

"संपू देत." अनसाबाईंचा आवाज चढला. "आगं, मला काय त्यानं जल्माला घातलंय व्हय? माझ्या आयनं घातलंय. खडी फोडता फोडता घातलंय. त्याच्या सहीवर जगायला मी काय त्याची गडीन हाय? न्हाय म्हनून सांग त्याला. तुला येतंय ना ताऱ्यांचं वय काढाया? मग माझं काढ. सरळ काढ, समद्यांम्होरं काढ."

*

एकट्या ताऱ्याचं वय निघत नाही, हे ज्योत्स्नाला त्या रात्री मुद्दाम आठवावं लागलं नाही; ते तिच्या हाडात होतं. तिला आईचा गुच्छ हवा होता. तो कुरणवाडीत होता.

बहात्तरच्या दुष्काळात कुरणवाडीच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. अख्खं गाव खडी फोडायला, माती वाहायला तिथेच. बायका दिवस भरेपर्यंत पाट्या उचलत, आणि माळावरच बाळंत होत. त्या साली तिथे जन्मलेल्या मुलींना गाव आजही 'तलावाच्या पोरी' म्हणतं. एकीच्या लग्नात बाकीच्यांनी करवलीसारखं मिरवायचं, एकीच्या सुतकात बाकीच्यांनी गोड खायचं नाही, असा त्यांचा आपसातला नेम. जन्मलेल्या अकरा, आज उरलेल्या सहा. हेडमास्तरांच्या कृपेनं सहाही जणी एक जूनच्या.

ज्योत्स्नानं गजराबाईंच्या अंगणात पाचही जणींना गोळा करून सांगितलं, "मला तुमच्या दाढा हव्यात."

"दाढा?" गजराबाई म्हणाल्या. "काय करतीस? माळ?"

तिनं समजावून सांगितलं. रक्त सारखं नवं होत राहतं, म्हणून ते बदलता येतं. दात तसे नाहीत. पहिल्या पक्क्या दाढेवरचं कवच मूल जन्मतं त्याच सुमाराला धरायला लागतं, आणि रोज एक बारीक थर चढत जातो. त्या थरात त्या दिवसाचं खाणं-पिणं कायमचं अडकून बसतं. जन्माच्या दिवशीसुद्धा एक ठसठशीत रेघ उठते. तिथून थर मोजत जायचं. सहा जणी एकाच माळावर, एकाच पाण्यावर जगल्या असतील, तर सहा दाढांत एकच गोष्ट लिहिलेली सापडेल.

"आमी तरी सुकडी, म्हंजी सरकारी भाजकं पीठ, आनि मिलो खाल्ली आसंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "तांबडी जवारी ती. आय म्हनायची, गुरं बी तोंड लावत नव्हती."

"आणि पाणी?"

"पयलं तळ्यातलं गढूळ. मग बोअर मारली. त्या कट्ट्यावर तारीख हाय बघ, शिमिटात."

ज्योत्स्ना धावतच कट्ट्यापाशी गेली. शेवाळ खरवडल्यावर सिमेंटमध्ये काडीनं कोरलेली तारीख दिसली: १४ मे १९७३. खोल खडकातल्या पाण्यात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य जास्त असतं, आणि ते दातात उतरतं. बोअरचं पाणी सुरू झालं त्या दिवसाची रेघ सगळ्यांच्या दाढांत असणार, आणि त्या रेघेची तारीख तिच्यासमोर होती. तिथून जन्माच्या रेघेपर्यंत उलट मोजलं की जन्मदिवस.

दुसऱ्या दिवशी म्हसवडच्या दंतवैद्याकडे तलावाच्या पोरींची रांग लागली. चौघींच्या दाढा तशाही हलतच होत्या. "आनसीसाठी एक दाढ ग्येली तर काय जातंय?" गजराबाई गालाला रुमाल लावून म्हणाल्या. द्वारकाबाईंची दाढ मात्र ठणठणीत होती. तरी त्या खुर्चीत चढून बसल्या, तेव्हा वैद्यानं हात जोडून त्यांना खाली उतरवलं.

चार दाढा प्रयोगशाळेत वाचल्या. चारही गोष्टी एकच निघाल्या. जन्माची रेघ, मग बेरियमचा रुंद पट्टा, मग तो एकाएकी तुटतो, मग थोड्या थरांनी स्ट्रॉन्शियमची उडी. बेरियम म्हणजे आईचं दूध. बाळ दुधावर असतं तोवर ते दातात उतरत राहतं. मूल हळूहळू तोडलं तर तो पट्टा विरत जातो. हा विरला नव्हता, कापल्यासारखा तुटला होता. चौघींच्या जन्मात महिन्यांचं अंतर असूनही तो तुटला होता एकाच पंधरवड्यात. एप्रिलच्या शेवटी. ज्योत्स्ना बराच वेळ त्या चार रेघा पाहत राहिली. आयुष्यभर तिनं बेरियम ताऱ्यांत शोधलं होतं, आणि ते तिच्या गावच्या बायकांच्या तोंडात होतं. मग तिला संताप आला, त्या एप्रिलचा, आणि त्या एप्रिलमधून जगून निघालेल्यांना परकं ठरवणाऱ्यांचा.

*

सुनावणीला साताऱ्याच्या कार्यालयाबाहेर भिंतीला लागून बाकं होती आणि त्यांवर माणसं. म्हाताऱ्या बायका, पागोटेवाले, एक विटांच्या धुळीनं कायमचा तांबूस झालेला माणूस. सगळ्यांच्या मनगटावर पिवळी पट्टी: 'रांगेबाहेर'. अनसाबाईंनाही एक बांधली. त्या सगळ्यांत दाटीनं बसल्या. गजराबाई आणि द्वारकाबाई सोबत होत्या.

आत खैरमोडे होते, आणि कंपनीतर्फे उन्मेष. ज्योत्स्नानं चार दाढांचे आलेख मांडले. मग आईनं सुपारीसाठी अजून राखलेली दाढ उद्या दंतवैद्याकडून काढून आणते म्हणाली.

उन्मेष घसा साफ करून म्हणाला, "हरकत आहे. बाहेर काढलेली दाढ कुणाच्या तोंडातली, हे कसं ठरवणार? यांच्या ओळखीवरच तर वाद आहे."

खैरमोड्यांनी मान खाली घातली. "नियमानं ते बरोबर आहे, मॅडम. नमुना अधिकाऱ्यासमोर घेतलेला हवा. आणि आमच्याकडे फक्त रक्त घ्यायची सोय आहे."

"म्हणजे दाढ बाहेर काढली तर चालत नाही, आणि इथे काढता येत नाही?" ज्योत्स्ना उभी राहिली. तिचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "फाईल उघडायला ओळख, ओळखीला फाईल! अहो, तुम्ही तिच्या हातचा चहा नाकारून गेलात! ती समोर बसलीय आणि तुम्ही तिला..."

तिचं बोलणं अर्धवटच राहिलं, कारण अनसाबाईंनी तोंडात हात घातला होता.

त्यांनी पदराचं टोक दाढेला गुंडाळलं, डोळे मिटले, आणि एक हिसका दिला. मग दुसरा. खैरमोडे खुर्चीतून अर्धे उठले. तिसऱ्या हिसक्याला अनसाबाईंच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि त्यांनी पदराची मूठ टेबलावर, सरकारी शिक्क्याच्या शेजारी उघडली.

"घ्ये," त्या म्हणाल्या. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं. "रगात लेकीचं आसंल. ही तर माझी हाय न्हवं? मोज."

ज्योत्स्ना धावली, तिनं आईच्या तोंडात कापूस धरला. मग तिनं सोबत आणलेलं खोकं टेबलावर ठेवलं. प्रयोगशाळेतलं लेझर यंत्र होतं ते, दाढ न कापता थर वाचणारं. ते तिनं उन्मेषकडे सरकवलं.

"मी मोजणार नाही," ती म्हणाली. "मी लेक आहे ना, मी लबाडी करीन. तू मोज. तुला येतं."

उन्मेष हलला नाही. सगळे त्याच्याकडे पाहत होते. शेवटी त्यानं दाढ उचलली, पुसली आणि चिमट्यात बसवली. पडद्यावर थर उलगडू लागले तसा त्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांनी तो काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी मोजत होता. एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच हवी: आकडा समोर आल्यावर त्यानं तो खोटा सांगितला नाही.

"जन्मरेघ," तो म्हणाला. "बेरियम. पट्टा रुंद आहे... इथे तुटतोय. एकदम तुटतोय."

"दूध आटलं व्हतं," कापसाआडून अनसाबाई म्हणाल्या. "आय सांगायची. चैतात उपास पडलं, आनि आटलं. मला पान्यात सुकडी कालवून पाजली."

उन्मेषनं वर पाहिलं नाही. "त्यानंतर स्ट्रॉन्शियम. बाकीच्या चौघींच्या जागीच." त्यानं उलट मोजायला सांगितलं, यंत्रानं मोजलं. "जन्म डिसेंबर बहात्तर. दुसरा आठवडा. दोन-तीन दिवस इकडेतिकडे." मग म्हणाला, "या त्याच गुच्छातल्या आहेत."

"या कोण?" ज्योत्स्नानं विचारलं.

"अनसूयाबाई."

खैरमोड्यांनी आदेश टाइप केला. जन्मतारीख घालताच पडदा लाल झाला: कार्डावरच्या एक जूनशी जुळत नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, अनसाबाईंकडे पाहिलं, या खेपेला नीट पाहिलं. मग त्यांनी कागद ओढला, हातानं आदेश लिहिला, सही केली आणि शिक्का मारला. "मला दिसतंय," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, आणि सोबत हॉस्पिटलच्या नावानं गोळ्यांची चिठ्ठी दिली.

उन्मेष आपली बॅग आवरत होता. अनसाबाईंनी हात पुढे केला.

"दाढ."

त्यानं ती रुमालात गुंडाळून दिली.

बाहेर आल्यावर गजराबाईंनी अनसाबाईंच्या मनगटावरची पिवळी पट्टी दातानं तोडली. ज्योत्स्नानं चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, आईच्या दंडाला धरलं. "चल, आधी डॉक्टरकडे. मग थेट औषधांच्या खिडकीवर."

अनसाबाई दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. बाकावर तो तांबूस माणूस अजून बसला होता. त्याच्यासोबत कुणी नव्हतं. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं, तसा तो उठला, आणि कुठे जायचं हे न कळून पुन्हा बसला.

"बाबा, कुठल्या गावचं?" अनसाबाईंनी विचारलं.

"भट्टीवरचा मी. गाव न्हाय आसं."

"किती वय?"

"ती म्हनत्यात ब्याऐंशी. मला सत्तर बी न्हाय झाली. माझ्या नावाचा मीच मेलोय म्हनं."

अनसाबाईंनी लेकीच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसकण मारली. दुसऱ्या बाजूला गजराबाई टेकल्या, त्यांच्या पलीकडे द्वारकाबाई.

"आई, तोंडातून रक्त येतंय तुझ्या."

"तुझंच हाय ते, तू कर काळजी," अनसाबाई म्हणाल्या, आणि दाराकडे बोट केलं. "त्यो दाढा मोजनारा पळून जायच्या आधी आत जा. आनि ह्यांचं काढ."

ज्योत्स्नानं बाकांच्या रांगेकडे पाहिलं. मग तिनं खोकं पुन्हा उचललं, उन्मेष बाहेर पडत होता त्या दारात जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "बस. अजून बाकी आहेत."